खोली नंबर सातचं गाऱ्हाणं

पेडणे
२० जून २०२५

प्रिय भिकाजीमामा,

तुमच्या आणि मामीच्या पायांवर डोकं ठेवते, पण फार वेळ ठेवत नाही, कारण सांगायचं पुष्कळ आहे. फोन का केला नाही असं मामी विचारील. फोनवर मी ओरडते, तुम्ही ओरडता, आणि पेडणे व डिचोली या दोन्ही तालुक्यांना आपल्या घरची बातमी कळते. खाणीवरच्या प्लँटच्या आवाजाने तुमचे कान नेले, पण अक्षर ठेवलं. म्हणून हा कागद.

तुमची भाची आता नुसती कॉमर्सची शिक्षिका राहिलेली नाही. ती कॉलेजच्या ‘समग्र स्वास्थ्य कक्षा’ची समन्वयक झाली आहे. नावाला घाबरू नका, प्रत्यक्षात ती खोली नंबर सात आहे. पूर्वी तिथे रसायनशास्त्राच्या बाटल्या असायच्या, वास अजून आहे. आता तिथे योगाच्या चटया, एक मेज, खुर्च्या, पडदा आणि भिंतीवर कमळात बसलेल्या माणसाचं मोठं चित्र आहे. मंगळवारी वैद्य स्वाती येते. गुरुवारी प्रिया येते, ती समुपदेशक आहे, म्हणजे जिच्यापाशी बसून मनातलं बोलायचं ती. महिन्यातून एकदा डॉक्टर येतात. गोळी, काढा, आसन आणि बोलणं, सगळं एका छपराखाली, असा बेत आहे.

हे खूळ माझं आहे, मामा. गेल्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी परीक्षा चालू असताना हॉलमधून धावत बाहेर गेली आणि कॉलेजात परत आलीच नाही. छातीत धडधडतं, श्वास पुरत नाही, असं तिने मला आधी दोनदा सांगितलं होतं. मी म्हटलं, पाणी पी, अभ्यास कर. घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी लागलं. मला काही वाटलंच नाही, हे जास्त वाईट. तेव्हापासून मी प्राचार्यांच्या मागे लागून ही खोली मिळवली.

आणि आता खोली आहे, तर माणसं नाहीत. पहिल्या आठवड्यात दोघे आले. एकाने फी कुठे भरायची ते विचारलं. दुसऱ्याने पंखा चालतो का ते बघितलं आणि चटईवर झोपला. आमचे प्राचार्य दिनकर सर म्हणाले, “चतुर्थीच्या सुट्टीपर्यंत बघूया. कोणी येत नसेल तर खोली खेळ विभागाला.” खेळाचे नितीन सर लगेच टेप घेऊन आले आणि भिंती मोजून गेले. त्यांना तिथे व्यायामाची मशिनं लावायची आहेत.

तुम्ही देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायला उभे राहिलात की अख्खं सुर्ला गोळा व्हायचं. माणसं कशी जमवायची ते सांगा ना. मला खरंच भीती वाटतेय की ही खोली जाणार.

तुमची,
गौरवी

*

सुर्ला
२ जुलै

चि. गौरवी,

आशीर्वाद पाठवतोय, जपून वापर. एवढं मोठं नाव असलेल्या कक्षाला पुष्कळ लागतील.

तुझं पत्र वाचून मी आधी हसलो, मग मामीला वाचून दाखवलं, मग ती हसली. पण एक गोष्ट तू लिहिली नाहीस, की ही खोली आहे कुठे. मी तुझं कॉलेज बघितलंय. नंबर सात म्हणजे कॅन्टीनच्या बरोबर समोरची ना? अगे बाये, तिथे भजी खात बसलेली पोरं दिवसभर काय बघणार? त्या दारातून एक चेडू आत गेलं की संध्याकाळपर्यंत बातमी हरमलला पोचणार, आणि तिथून परत येईपर्यंत त्यात तिचं ठरलेलं लग्नही मोडणार. मी तरुण असतो तर ताप घेऊनसुद्धा तुझ्या खोलीत गेलो नसतो.

दुसरं, तो कमळातला माणूस काढून टाक. त्याला बघून वाटतं की ह्याला आयुष्यात कधी साधी सर्दीही झालेली नाही. असल्या माणसासमोर आपलं दुखणं कोण सांगेल?

तिसरं, सकाळी अकराला पेज ठेव. उकड्या तांदळाची, वर तूप, बाजूला कोवळ्या कैऱ्यांचं, तोरांचं लोणचं. ‘स्वास्थ्य’ वगैरे काही बोलू नकोस. पेज प्यायला या, एवढंच. खाणीवर आम्ही अकराला पेजेला बसायचो तेव्हा कोणाची बायको माहेरी गेली, कोणाच्या गुडघ्यात पाणी झालं, सगळं तिथे कळायचं. तोंडात गरम पेज असली की माणूस खोटं बोलत नाही, जीभ भाजते.

आणि मला सविस्तर लिहीत जा. कोणाला काय होतंय ते, नाव न घालता. उगाच करमणूक म्हणून नव्हे. निम्मी माणसं मी ओळखतो, काही सुचलं तर कळवीन.

इकडे सगळं उत्तम. पुढे श्रावण येतोय, देवळात गाऱ्हाण्यांची रांग लागेल, माझ्याशिवाय पान हलत नाही. कानांचं विचारू नकोस. ऐकण्यासारखं हल्ली कोणी बोलतही नाही.

मामीने कळवलंय की पेजेला मीठ शेवटी घाल.

भिकाजीमामा

*

पेडणे
१८ जुलै

प्रिय मामा,

पेज चालली! चालली म्हणजे काय, उडाली! पहिल्या दिवशी टोप घासून द्यावा लागला नाही, पोरांनी चमच्या-कुलेरांनीच खरवडून साफ केला. आता कॅन्टीनवाला माझ्याशी बोलत नाही.

पहिल्याच दिवशी स्वाती वैद्य आणि डॉक्टर यांची मिठावरून आणि तुपावरून जुंपली. स्वाती म्हणते तुपाने जठराग्नी सुधारतो, डॉक्टर म्हणतात तुपाने काय काय होतं ते माझ्या दवाखान्यात येऊन बघा. दोघेही बोलता बोलता दोन-दोन वाडगे प्यायले. योगासाठी मी हरमलहून एका जर्मन बाईंना बोलावलं होतं. बाई चांगल्या होत्या, पण त्यांनी डोळे मिटून “आपल्या श्वासाकडे बघा” म्हटल्यावर हरमलचा प्रज्योत मोठ्याने म्हणाला, “मॅडम, ही आमच्याच घरात भाड्यान रवता. काल पंखो बंद पडलो म्हणान म्हज्या आवशीकडे झगडत आशिल्ली.” झालं, श्वास राहिला बाजूला.

कमळातला माणूस काढला. तिथे आता डाग दिसतो, पण डाग बरा आहे, सगळे त्याच्याकडे बघत बोलतात.

पण खरी अडचण तशीच आहे. पेज पितात आणि जातात. प्रिया गुरुवारी पडद्यामागे पुस्तक वाचत बसते. जाता जाता मात्र प्रत्येक जण माझ्यापाशी घोटाळतो आणि विचारतो, “मॅडम, माझ्या एका मित्राला...” कॉलेजातल्या सगळ्या मित्रांना काही ना काही झालेलं आहे, फक्त समोर उभा असलेला तेवढा ठणठणीत!

तुम्ही लिहायला सांगितलं होतं, म्हणून लिहिते. आमच्या सर्वांत मोठ्या साहेबांना झोप लागत नाही. मोपाला उतरणारी विमानं मोजत ते पडून असतात, हे त्यांच्या बायकोने मला बाजारात सांगितलं. खोली मागणाऱ्या आमच्या मित्राची कंबर गेलेली आहे, शर्टाच्या आत पट्टा बांधून तो मुलांना उड्या मारायला सांगतो. एक मुलगा रात्री विमानतळावर कामाला असतो आणि माझ्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपतो. ही कला मी प्रथमच बघितली. आणि एक मुलगी आहे, तिला तोंडी परीक्षेचं नुसतं नाव काढलं तरी पोटात कालवतं, वाटेतच उलटी होते. तिनेही “एका मैत्रिणीला” असंच सांगितलं. तिचं ऐकताना मला ती गेल्या वर्षीची आठवली. तिला म्हटलं, मैत्रिणीला प्रियाकडे पाठव. ती म्हणाली, “कॅन्टीनमधून सगळे बघतात.” तुमचं तंतोतंत खरं ठरलं.

आता दिनकर सरांच्या डोक्यात आलंय की कक्षाचं रीतसर उद्घाटनच झालं नाही, म्हणून तो चालत नाही. आठ ऑगस्टला उद्घाटन ठरलं. मंत्री मिळाले नाहीत. मी म्हटलं, माझे मामा गाऱ्हाणं घालतात, त्यांना बोलावू, नारळ फोडू. सर लगेच हो म्हणाले. याल ना? छोटंसं घाला, चार वाक्यं. तुमचं गाऱ्हाणं ऐकून माझ्या खोलीला यश आलं तर मी सुर्ल्याच्या देवाला स्वतः येऊन नारळ देईन.

गौरवी

*

सुर्ला
२७ जुलै

चि. गौरवी,

येतो. विचारायचं काय त्यात. धोतर मामीने इस्त्रीला घेतलंय.

नारळ शेंडीचा आण, पाच पानांचा विडा, केळी गावठी. उदबत्ती नाही आणलीस तरी चालेल. माइकची गरज मला नाही, ठेवायचा तर ठेव.

चार वाक्यांचं गाऱ्हाणं कधी ऐकलं आहेस? देवाला अर्धवट सांगून चालत नाही. कोणाला काय हवंय आणि काय नकोय ते सगळं त्याच्या समोर मांडायचं असतं, तेव्हा तो कामाला लागतो. नुसतं “सगळ्यांचं भलं कर” म्हटलं तर त्याला काय कळणार? नाव घेत नाही मी कधी, काळजी करू नकोस. तुझी पत्रं पुन्हा वाचून तयारी करतोय.

बऱ्याच दिवसांनी पेडण्याला येणं होईल. मला फार आनंद झालाय, गौरवी.

भिकाजीमामा

*

पेडणे
९ ऑगस्ट

मामा,

नमस्कार लिहायलाही हात होत नाही.

काल तुम्ही जेवून, विडा खाऊन, हसत बसमध्ये बसलात. इथे मागे काय झालं ते तुम्हाला कळलंच नाही, म्हणून लिहिते.

सुरुवात इतकी चांगली झाली होती. व्हरांड्यात चारशे पोरं. तुम्ही नारळ हातात घेतलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, “बा देवा म्हाराजा! आज ह्या कॉलेजांत ही कूड उगडली आसा. हांगा येतल्या सगळ्यांक बरें कर रे म्हाराजा!” आणि पोरांनी छप्पर उडेल असा आवाज दिला, “व्हय म्हाराजा!” माझ्या अंगावर काटा आला. तिथे थांबला असतात तर!

“ह्या कॉलेजाच्या व्हडल्याक राती न्हीद पडना. मोपार देंवतात तीं विमानां मेजीत पडून आसता. ताका न्हीद दी रे म्हाराजा!”

नाव नाही घेतलंत, बरोबर. पण मामा, कॉलेजात ‘व्हडलो’ किती असतात? आणि पोरांना सवयच ती, कळायच्या आधी तोंडातून गेलं, “व्हय म्हाराजा!” दिनकर सर हात जोडून उभे होते, त्यांचे हात तसेच राहिले.

“खेळाच्या मास्तराची कंबर गेल्या. शर्टाभितर पट्टो बांदून भोंवता. ती नीट कर रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” आता तर पोरं वाटच बघत होती. नितीन सरांनी पोट आत घेतलं, त्याने पट्टा आणखी दिसायला लागला.

मी तुमची बाही ओढली. तुम्हाला वाटलं काही राहिलंय. तुम्ही माझ्याकडे बघून मान डोलावलीत आणि विमानतळावरच्या मुलाचं घेतलंत. मी पुन्हा ओढली. तुम्ही आवाज चढवलात. “एका चेडवाक तोंडी परिक्षेचें नांव काडलें काय पोटांत कालवता, वाटेर ओकारी येता. कोणाक सांगूंक लजता. तिचें भंय काड रे म्हाराजा!” आणि सगळ्यांत मोठा “व्हय म्हाराजा” त्याला मिळाला. ती मुलगी तिथेच होती. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

दिनकर सरांनी मला बोलावून घेतलं. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “माणसं तुमच्यापाशी विश्वासाने बोलतात आणि ते माइकवर येतं. असा कक्ष मला नको. सोमवारी खोली रिकामी करा.” चतुर्थीपर्यंतची मुदतही गेली.

ते खरंच बोलत होते. लिहिलं मीच होतं, तुम्हाला हसवायला म्हणून लिहिलं, हे मला मान्य आहे. पण बोललात तुम्ही. मी बाही ओढत असताना बोललात. एवढी वर्षं गाऱ्हाणी घातलीत, एवढंसं कळू नये? आता कृपा करा, माझ्या कॉलेजातल्या कोणाच्याही दुखण्याबद्दल पुन्हा तोंड उघडू नका.

गौरवी

*

सुर्ला
१८ ऑगस्ट

चि. गौरवीस गंगामामीचा आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही, चुका असतील त्या सांभाळून घे. मामांना तुझं पत्र मिळालं. वाचून त्यांनी घडी घातली आणि देवाच्या फोटोमागे ठेवलं. तेव्हापासून घरात बोलणं नाही. मी विचारलं तर “कांय ना” म्हणतात. सकाळी पोदेर पाव घेऊन आला तरी उठून उंडे घेत नाहीत, मीच घेते.

तुला राग आला तो बरोबर आहे, मी त्यांची बाजू घेत नाही. पण तुला एक ठाऊक नाही. गावातलं गाऱ्हाणं आता मामा घालत नाहीत. ह्या शिगम्यापासून ते सर्वेशकडे गेलं, त्यांच्या चुलतभावाच्या मुलाकडे. ह्यांना लोकांचं “व्हय म्हाराजा” ऐकू येईना. एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिले आणि पोरं हसली. पंचांनी घरी येऊन, चहा पिऊन, गोड बोलून सांगितलं. ह्यांनीही गोड बोलून दिलं. तुला मात्र लिहीत असतात की माझ्याशिवाय पान हलत नाही. मी वाचते, काही बोलत नाही.

तुझं बोलावणं आलं त्या दिवशी धोतर स्वतः धुतलं. इस्त्री मी केली, तर पुन्हा करायला लावली. परसात माडांसमोर उभे राहून तयारी करायचे.

आणखी एक. त्यांच्या कानात सतत शिट्टी वाजते. ऐकू काही येत नाही, पण शिट्टी येते. झोप नाही. मला वाटतं दिनकर सरांच्या झोपेचं ते एवढं जीव तोडून बोलले ते म्हणूनच. तुझ्या त्या खोलीत कानांचं बघतात काय? खोली राहिली असेल तर कळव. मी लिहिलं असं त्यांना सांगू नकोस, त्यांना आवडणार नाही.

मामी

*

पेडणे
२४ ऑगस्ट

प्रिय मामा,

हे पत्र फोटोमागे ठेवायच्या आधी पुरतं वाचा. खोली आहे! खोली नंबर सात माझ्याकडेच आहे.

सोमवारी मी चटया गुंडाळायला गेले. दारात एक मुलगी उभी. रागाने लाल. “मॅडम, माझं तुम्ही त्या आजोबांना का सांगितलं?” मी गोंधळले. मी तुम्हाला लिहिलं ती ही नव्हेच! हिच्याशी मी कधी बोललेही नव्हते. मी म्हटलं, “अगे, ते तुझ्याबद्दल नव्हतं.” ती म्हणाली, “मग कोणाबद्दल?” मी म्हटलं, “ते मी सांगणार नाही.” ती आत येऊन बसली आणि म्हणाली, “म्हणजे आणखी कोणाला पण होतं?”

ती बोलत असतानाच दुसरी आली. तीही भांडायला. मग तिसरी. मामा, प्रत्येकीला वाटलं होतं की तुम्ही तिचंच गाऱ्हाणं घातलंत! मग मुलं आली. रात्री विमानतळावर, हॉटेलात, किनाऱ्यावरच्या शॅकवर काम करणारी किती मुलं आमच्या कॉलेजात आहेत ते मला त्या दिवशी कळलं. सगळे मला जाब विचारायला आले, आणि एकदा आत आल्यावर बाकीचंही बोलत बसले. कॅन्टीनमधून बघायला कोणी उरलंच नव्हतं, कारण कॅन्टीन रिकामं करून सगळे माझ्या दारात. मी प्रियाला फोन केला, ती सुट्टी टाकून स्कूटरवर आली.

मी जिच्याबद्दल खरंच लिहिलं होतं ती सगळ्यांत शेवटी आली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “त्या दिवशी मला मरून जावंसं वाटलं, मॅडम. पण माझ्या बाजूच्या मुलीने ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं आणि ती रडत होती.” आता दोघी मिळून प्रियाकडे येतात.

नितीन सर मशिनं उचलणारी माणसं घेऊन आले होते. रांग बघितली, माणसांना “व्हरांड्यात ठेवा” म्हणाले, आणि मला हळूच विचारलं, स्वाती कोणत्या वारी येते. आता गुपित राहिलंच नाही तर उपचार तरी घेऊ, असं त्यांचं म्हणणं.

दिनकर सर दुपारी ‘पाहणी’ करायला आले. वाटेत पोरांनी त्यांना विचारलं होतं, “सर, न्हीद पडली?” चिडून नव्हे, काळजीने. आत येऊन त्यांनी स्वतःच दार लावून घेतलं. काय बोललं गेलं ते मी लिहिणार नाही, आता मी कोणाचंच लिहिणार नाही. खोली रिकामी करायचा आदेश त्यांनी मागे घेतला असं कुठे म्हटलं नाही. पण तो फाइलींच्या तळाशी गेलाय, आणि कॉलेजात तळाशी गेलेलं वर येत नाही.

सगळं गोड झालं असंही नाही. गेल्या वर्षीची ती मुलगी आली नाही. मी तिच्या घरी जाऊन आले. तिच्या आईने चहा दिला, ती खोलीबाहेर आली नाही. पुन्हा जाईन.

मामा, मी जे लिहिलं ते फार कडू लिहिलं. माझी चूकही मी तुमच्या पदरात टाकली. गाऱ्हाणं चुकीच्या जागी घातलंत, हे मी अजूनही म्हणेन. कोणाचं दुखणं त्याला न विचारता माइकवर नको. पण “तोंड उघडू नका” असं मी तुम्हाला कसं लिहिलं? मला फार वाईट वाटतंय.

आणि सहज आठवलं म्हणून. सप्टेंबरात आमच्याकडे कानांचे डॉक्टर येणार आहेत. कार्यक्रम छोटाच आहे, पण नारळ फोडायला कोणीतरी मोठं माणूस हवं. तुम्ही पाहुणे म्हणून आलात तर बरं होईल. यायचंच आहे तर डॉक्टरांशी ओळखही होईल. सहज.

चतुर्थीला मी येते. मामीला म्हणावं, नेवऱ्या माझ्यासाठी बाजूला ठेव.

तुमची,
गौरवी

*

सुर्ला
६ सप्टेंबर

चि. गौरवी,

चतुर्थीला तू आलीस, नेवऱ्या खाल्ल्यास, आरत्या म्हटल्यास, आणि दोन दिवस माझ्या कानांकडे बघत बसलीस. तोंडाने एक शब्द काढला नाहीस. घर माणसांनी भरलेलं, मलाही बोलता आलं नाही. म्हणून लिहितो.

नारळ फोडायला कानांचा डॉक्टर कधीपासून लागायला लागला? गंगेने तुला लिहिलं हे मला ठाऊक आहे. पत्र पेटीत टाकायला तिने माझ्याच हातात दिलं होतं. वर तुझा पत्ता, आणि म्हणते माहेरी पाठवतेय. मी उघडलं नाही. टाकून आलो.

तिने लिहिलं असेल ते सगळं खरं. शिगम्याला मी “म्हाराजा” म्हणून थांबायचो आणि पुढे लोक काय म्हणाले ते मला कळायचं नाही. आधी तोंडं बघून कळायचं. त्या दिवशी गुलालात तोंडंही दिसेनात. लोकांनी होय म्हटल्याशिवाय पुढे कसं जायचं? म्हणून तेच पुन्हा बोलत राहिलो. सर्वेश आता चांगलं घालतो म्हणतात. असेल, मला ऐकू येत नाही. तुला हे लिहायला लाज वाटली, म्हणून पान हलवत बसलो.

आता तुला एक सांगतो, ते गंगेलाही ठाऊक नाही. तू बाही ओढत होतीस ते मला कळत होतं. पहिल्याच वेळी कळलं. पण तुझ्या त्या चारशे पोरांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं ना, ते मला ऐकू आलं. किती वर्षांनी! कानात नाही आलं, छातीत आलं. मग मला थांबवेना, गौरवी. आणखी एकदा ऐकू दे, आणखी एकदा, असं करत मी त्या बिचाऱ्या सगळ्यांची दुखणी काढत गेलो. माझं चुकलं. त्या चेडवाला माझ्या वतीने सांग.

शिट्टीचंही खरं आहे. प्रेशर कुकर लावून कोणी विसरून गेल्यासारखी वाजते, बंद करायला कोणी नाही. डॉक्टरांकडे गेलो तर यंत्र देतील, यंत्र लावलं तर गाव म्हणणार भिकाजी म्हातारा झाला, ह्या भीतीने मी कोणाला सांगितलं नाही. तुझ्या खोलीत कोणी का येत नाही ते मी तुला एवढ्या शहाणपणाने लिहिलं होतं, ते मला कसं ठाऊक असेल असा प्रश्न तुला पडला नाही?

येतो मी. नारळ बिरळ नको, पाहुणा म्हणून नको. बाकीच्यांसारखं माझं नाव लिही आणि रांगेत बसव. पेज असेल तर घेईन. बसायला बाहेर कॅन्टीनच्या बाजूलाच खुर्ची ठेव, आत पडद्यामागे नको. आणि त्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेव, माझ्याशी मोठ्याने बोला. सगळ्या कॅन्टीनला ऐकू गेलं तरी माझी काही हरकत नाही.

भिकाजीमामा